आधी खुंट, मग कलम

२०१७च्या जूनचा शेवटचा आठवडा मी जागून काढला. १ जुलैपासून जीएसटी लागू होणार होता आणि दिंडोरी रोडवरच्या एका व्यापाऱ्याचं बिलिंग सॉफ्टवेअर मला तोवर बदलून द्यायचं होतं. ठिबकच्या नळ्या, फवारणीचे पंप, गाळण्या असा त्याचा धंदा. ते सॉफ्टवेअर मीच २०११ साली साध्या पीएचपीत, कुठलंही फ्रेमवर्क न घेता लिहिलं होतं. व्हॅटचा हिशेब बिलाच्या पानात होता, कोटेशनच्या पानात होता, माल परतीच्या पानात होता, महिन्याच्या अहवालात आणि पावती छापणाऱ्या फाइलमध्येही होता. आता गिऱ्हाईक मालेगावचं असेल तर कराचे दोन भाग, केंद्राचा आणि राज्याचा. पेठचा रस्ता धरून पलीकडे वलसाडला माल जाणार असेल तर एकच एकात्मिक कर. एवढा एक फरक मला एकोणीस ठिकाणी लिहावा लागला. दोन ठिकाणं सुटली, आणि ती ऑगस्टमध्ये त्याच्या हिशेबनिसाला सापडली.

पीएचपीसाठी कोणतं साधन घ्यावं या वादात माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. साधन किती नावाजलेलं आहे हे मागाहून पाहावं. हे सॉफ्टवेअर किती वर्षं चालणार, आणि तेवढी वर्षं ते कोण सांभाळणार, हे आधी विचारावं. नाशिकच्या आमच्या व्यवसायात याबाबत तीन मतं वारंवार ऐकू येतात. तिन्हींत तथ्य आहे, पण हा प्रश्न तिन्ही टाळतात.

पहिलं मत मुरलेल्या मंडळींचं. भाषा नीट येत असेल तर फ्रेमवर्क कशाला, असं ते म्हणतात. हे मत हलकं नाही. १९९५ साली पीएचपी लोकांपुढे ठेवणाऱ्या रासमुस लेर्डोर्फनंच २००६ साली फ्रेमवर्कशिवाय नीट रचना कशी करता येते हे लिहून दाखवलं होतं. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी आणि जगातली ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळं ज्यावर उभी आहेत ते वर्डप्रेस, दोन्ही पीएचपीतच लिहिलेली आहेत आणि दोन्ही लाराव्हेल किंवा सिम्फनी अशा तयार फ्रेमवर्कवर बांधलेली नाहीत.

पण हे दाखले उलट बाजूनं बोलतात. मीडियाविकीला स्वतःची चौकट आहे. ती असंख्य लोकांनी वीस वर्षांहून अधिक काळ घडवली, तपासली, तिची माहिती लिहून ठेवली. तीन जणांच्या कार्यालयाला हे कसं जमावं? लॉगिन, सेशन, फॉर्मची तपासणी, परक्या पानावरून आलेली खोटी विनंती ओळखणं, हे सगळं तीन माणसांनी नव्यानं लिहायचं, आणि त्यातला एक जण पुण्याला गेला की त्याची माहितीही त्याच्याबरोबर जाणार. पासवर्ड सुरक्षित साठवणारं फंक्शन २०१३ साली पीएचपी ५.५ बरोबर भाषेतच आलं. त्यानंतर लिहिलेल्या कोडमध्येही मी पासवर्ड नुसत्या एमडी५नं साठवलेले पाहिले आहेत. भाषा येत नव्हती म्हणून हे घडलं नाही. योग्य वाट आयती समोर नव्हती, म्हणून घाईच्या दिवशी जुनी सवय कामी आली. चांगलं फ्रेमवर्क घाईच्या दिवशीच उपयोगी पडतं.

शिवाय ‘फ्रेमवर्क बदलतं, भाषा कायम राहते’ हा भरवसाही खरा नाही. मायएसक्यूएलशी बोलणारी जुनी फंक्शन्स २०१५च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकली गेली. ज्यांच्या पानापानात ती विखुरलेली होती, त्यांची पानं होस्टिंगवाल्यानं आवृत्ती वाढवली त्या दिवशी कोरी झाली. डेटाबेसशी सगळा व्यवहार एका थरातून होत असता, तर दुरुस्ती एकाच जागी झाली असती.

दुसरं मत तरुणांचं आहे. नोकरीच्या जाहिराती पाहा, सगळे लाराव्हेल मागतात, तेव्हा प्रत्येक कामाला लाराव्हेलच घ्या. टेलर ऑटवेलनं २०११ साली आणलेल्या या फ्रेमवर्कचे गुण मी रोज वापरतो. डेटाबेसमधला प्रत्येक बदल मायग्रेशनमुळे कोडबरोबर नोंदला जातो. जड कामं रांगेत टाकून मागे चालवता येतात. सगळ्यात मोठा गुण म्हणजे नवा माणूस आला तरी फोल्डर उघडून काय कुठे आहे हे त्याला कळतं.

तरी जाहिरात हा आधार कच्चा आहे. आज माणूस कुठे लागतो एवढंच ती सांगते, सहा वर्षांनी तो कोड कोण उघडेल याबद्दल ती काहीच सांगत नाही. लाराव्हेलची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या प्रकाशनापासून दोन वर्षं मिळतात. अंबडचा छोटा कारखानदार एकदा घेतलेलं सॉफ्टवेअर आठ-दहा वर्षं वापरतो. वरच्या आवृत्तीवर नेण्याचे पैसे कोण देणार हे पहिल्या दिवशी ठरलं नसेल, तर तिसऱ्या वर्षापासून तो उघड्या दारानं धंदा करतो आहे आणि त्याला ते माहीतही नाही.

लोकप्रियता किती टिकते याचा दाखलाही आमच्याच पिढीनं पाहिला आहे. २०१०च्या सुमारास आज लाराव्हेलला आहे तो मान कोडइग्नायटरला होता. २००६ साली ते एलिसलॅब या कंपनीनं आणलं. २०१३ साली कंपनीनं जाहीर केलं की त्याला नवा पालक हवा आहे. २०१४ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनं ते हाती घेतलं. चौथी आवृत्ती २०२०च्या फेब्रुवारीत आली ती नव्यानं लिहिलेली होती, तिसऱ्या आवृत्तीचा कोड उचलून तिच्यात ठेवला तर चालत नाही. झेंड फ्रेमवर्कमागे तर नावाजलेली कंपनी होती, तेही पुढे लॅमिनास या नावानं लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं. यात कोणी फसवलं नाही. साधनांनाही वय असतं, आणि निवडणाऱ्यानं ते मोजायला हवं.

तिसरं मत थोडक्यात असं, की पीएचपीचेच दिवस संपले, भाषाच बदला. पण पीएचपी ७नं ५.६च्या तुलनेत बऱ्याच कामांत वेग जवळपास दुप्पट केला आणि पीएचपी ८नं भाषा आणखी काटेकोर केली. प्रत्येक विनंतीला नवी सुरुवात आणि विनंती संपली की सगळं मोकळं, या साध्या रचनेमुळे कमी पैशांच्या सामायिक होस्टिंगवरही ते निभावतं. कळवणच्या किंवा सुरगाण्याच्या शाळेला तेवढंच परवडतं. मात्र लासलगावच्या कांदा लिलावातले भाव क्षणोक्षणी हजारो मोबाइलवर उमटावेत असं काम असेल, तर जोडणी सतत उघडी ठेवणारं दुसरं साधन आधी पाहावं, हे मी मान्य करतो. पण असं काम दहांत एखादं. उरलेल्या कामांत भाषा बदलल्यानं कर चुकीचा लागायचा थांबत नाही.

मग निवड कशी करावी? नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला हा विचार वेगळा शिकवावा लागत नाही. तो आधी डॉगरिजचा खुंट लावतो, कारण पाण्याचा ताण आणि जमिनीतले क्षार खुंटाला सोसायचे असतात. त्यावर थॉमसनचं किंवा दुसऱ्या वाणाचं कलम बांधतो. बाजाराची मागणी फिरली तर खुंट तोच ठेवून वरचं वाण बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये खुंट म्हणजे त्या धंद्याचे नियम: कर कसा लावायचा, पतसंस्थेचं व्याज कोणत्या दिवसापासून मोजायचं, शाळेची फी कोणाला माफ. हे नियम साध्या पीएचपीच्या स्वतंत्र क्लासमध्ये लिहावेत. त्यांना फ्रेमवर्कचं, पडद्याचं, डेटाबेसचं नावही माहीत नसावं. त्यांच्या चाचण्या पीएचपीयुनिटमध्ये लिहून ठेवाव्यात. कराचे दर कोडमध्ये न कोरता लागू होण्याच्या तारखेसह तक्त्यात ठेवावेत. फ्रेमवर्क हे वरचं कलम, ते बदलणार हे गृहीत धरूनच बांधावं.

खुंट असा पक्का झाला की कलम निवडणं सोपं होतं. २०२७च्या सिंहस्थासाठी धर्मशाळेच्या खोल्यांची नोंदणी करायची असेल, तर आयुष्य दोन वर्षांचं आणि पर्वणीच्या दिवशी प्रचंड ताण. तिथे लाराव्हेल आणि त्याची कामांची रांग योग्य. पतसंस्थेचं काम दहा वर्षांचं, बदल सावकाश. तिथे सिम्फनीची दीर्घ पाठबळाची आवृत्ती घ्यावी, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या चार वर्षं मिळतात. टर्मिनल नसलेल्या होस्टिंगवरचं छोटं काम कोडइग्नायटर ४ मध्ये बसतं. शिकवणीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी मूडल तयार आहे, ते पुन्हा लिहू नये. नुसती माहिती आणि फोटो दाखवायचे असतील तर मोजक्या प्लगइनचं वर्डप्रेस पुरे. काहीही घेतलं तरी पीएचपीची आवृत्ती कधी संपते हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावं, ८.४ला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२८च्या अखेरपर्यंत आहेत. आणि कंपोझर या साधनानं आणलेल्या पॅकेजेसमध्ये उघड झालेल्या त्रुटी त्याच्याच ऑडिट आदेशानं दर महिन्याला तपासाव्यात.

यावर माझे मित्र म्हणतात, हे मोठ्या कंपन्यांना ठीक, आमचा क्लायंट एवढे पैसे देत नाही. मी म्हणतो, त्याला आपण विचारतच नाही. कोटेशनमध्ये आपण पानांची संख्या लिहितो, आवृत्ती वाढवण्याचा खर्च लिहीत नाही. वार्षिक देखभालीच्या करारात ‘दर दोन वर्षांनी आवृत्ती वाढवणे’ ही ओळ पहिल्या भेटीत घालून पाहा. जो शेतकरी खुंटाची रोपं लावल्यावर पहिल्या घडासाठी थांबतो, त्याच्या जिल्ह्यातल्या व्यापाऱ्याला ही गोष्ट समजत नाही असं मी मानत नाही. मला तरी आजवर नकार क्वचितच मिळाला आहे.

दिंडोरी रोडवरच्या त्या व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर मी २०१७च्या दिवाळीनंतर पुन्हा लिहिलं. कराचे नियम वेगळे काढले आणि वर कोडइग्नायटर ३ बसवलं. पुढे त्याचं वय दिसू लागल्यावर लाराव्हेलवर आणलं. पडदे नवे झाले, नियमांच्या फाइली होत्या तशाच सोबत आल्या. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले आणि ठिबक संच १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आदल्या संध्याकाळी मी दरांच्या तक्त्यात नव्या ओळी घातल्या, चाचण्या चालवल्या आणि जेवायला घरी गेलो. सकाळी दुकानाचं पहिलं बिल पाच टक्क्यांनी निघालं. दुपारी आठवड्यापूर्वी विकलेला एक संच परत आला, त्याची नोंद बारा टक्क्यांनीच झाली.