मनोऱ्यांच्या पायथ्याशी

सिंगापूर पाहून आलेला मनुष्य बहुधा दोन गोष्टी सांगतो: मरीना बेच्या काठावरून रात्री दिसणारी मनोऱ्यांची लखलखती रांग, आणि त्याच शहरात स्वस्तात मिळणारे उत्तम खाणे. या दोन गोष्टी इतक्या जवळजवळ नांदतात, याचे नवल मात्र फारसे कोणास वाटत नाही. जेथे हातभर जमिनीला सोन्याचे मोल आहे, तेथे भाताची थाळी विकणारा म्हातारा टिकला कसा?

गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याकडे आठवडाभर मुक्काम झाला, तेव्हा हा प्रश्न मला पडला. तेथे प्रत्येक पेठेत 'हॉकर सेंटर' असते. एका छपराखाली ओळीने लहान गाळे, आणि बहुतेक गाळ्यांत एखाददुसराच पदार्थ. मॅक्सवेल सेंटरात कोंबडीच्या रश्शात शिजवलेल्या हैनानी भातापुढे रांग लागते. टेक्का सेंटरात दाक्षिणात्यांनी नेलेला पराठा 'प्राटा' होऊन भेटतो. गिऱ्हाईक टेबलावर कागदी रुमालांची पुडी ठेवून जागा राखते, आणि ती पुडी कोणी हलवीत नाही! मॅक्सवेलहून थोडे चालले की 2009 साली बांधलेले डक्स्टनचे पन्नास मजली सात मनोरे लागतात. तीही सरकारी घरेच.

हे आपोआप घडलेले नाही. 1968-69 मध्ये सरकारने रस्त्यावरील फेरीवाल्यांची नोंदणी केली. 1971 ते 1986 या काळात त्यांना नळ व गटारे असलेल्या पक्क्या जागी नेले आणि सवलतीच्या भाड्याने गाळे दिले. 2020 मध्ये युनेस्कोने ही संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. थोडक्यात, हा राजाश्रयच होय.

राजाश्रयाची गोष्ट मी घरात ऐकत वाढलो. माझे वडील लहान वयात दरबारच्या नोकरीस लागले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. ते म्हणत, दरबाराने तनख्यापेक्षा मोठी गोष्ट दिली, ती निश्चिंती. दरबार गेल्यावरही श्रोते होते, वाहवा होती. पण शिष्याला घरी ठेवून दहा वर्षे शिकवण्याची ऐपत उरली नाही. गाणे ऐकणारे पुष्कळ आणि गाणाऱ्याला पोसणारे थोडे, अशी स्थिती झाली.

सिंगापुरातही आता तोच पेच आहे. गाळेवाल्यांचे मध्यम वय साठीच्या घरात आले आहे. पहाटे उठून रस्सा चढवायचा आणि दिवसभर चुलीपुढे उभे राहायचे, हे मुलांना नको आहे. शिकलेली मुले त्या उंच मनोऱ्यांतल्या कचेऱ्यांत बसतात, आणि त्यांना दोष कसा द्यावा? बापानेच त्यासाठी कष्ट उपसले. शिवाय जुन्यांना मिळालेली भाड्याची सवलत नव्या माणसास सहसा मिळत नाही. त्याला गाळा बोली लावून घ्यावा लागतो. सामान महागले, तरी गिऱ्हाइकाला थाळी जुन्याच दराने हवी असते. त्या स्वस्ताईचा भार विकणाऱ्याच्या पाठीवर पडतो.

यावर 2022 पासून एक योजना निघाली आहे. घरात वारस नसलेल्या वृद्धाची गाठ शिकू इच्छिणाऱ्याशी घालून द्यायची. पाककृती, हातोटी आणि गाळा त्याच्या स्वाधीन करायचा. मला ही योजना मनापासून आवडली, कारण ती गुरुशिष्याचे नाते ओळखते. परंतु कृती कागदावर उतरते, हात उतरत नाही. बंदीश महिन्यात पाठ होते. ती मांडण्यास वर्षे लागतात. तेवढी वर्षे शिष्याचे पोट कसे भरावे, याची तरतूद झाली तरच योजना फळेल.

आपल्या इंदुरातही 2025 मध्ये सराफ्यातल्या रात्रीच्या चौपाटीवरून वाद झाला. सुरक्षिततेचे कारण देऊन ती हलवावी, अशी व्यापाऱ्यांची मागणी होती. जागेचा प्रश्न महत्त्वाचा खराच. पण सिंगापूरने जागा पन्नास वर्षांपूर्वी दिली, आणि तरीही ते आज वारस शोधत आहे. तेव्हा सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना एवढेच पाहावे, की कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाशेजारी कोणी तरुण उभा आहे काय. आणि आपण मोजतो त्या पैशांत त्याचे भागेल काय.