पेन्शनर शिपायाची खुर्ची

नाशिक रोडपासून देवळाली कॅंप फार दूर नाहीं. शिपाई पेन्शन घेऊन गांवीं परतला म्हणजे काय करतो, हें आमच्या शाळेंतील पोरांस पाठ आहे: जमीन घ्यावी, घर बांधावें, लेकीचें लग्न करावें. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु एका पेन्शनर शिपायानें याहून निराळें केलें, तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें असें आम्हांस वाटतें.

गोपाळबाबा वलंगकर यांचा जन्म सुमारें १८४० सालीं महाडजवळ रावढळ येथें महार जातींत झाला. गांवच्या शाळेचा उंबरठा या जातीस बंद होता, तेव्हां पलटणीच्या शाळेंत तिच्या शिपायांस अक्षरओळख होई. १८८६ सालीं पेन्शन घेऊन गोपाळबाबा दापोलीस राहिले. जोतीराव फुल्यांचा विचार त्यांच्या मनांत रुजला होता. ते 'दीनबंधू'त लिहीत. १८८८ सालीं 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून, अस्पृश्यता कोणत्या आधारें पाळतां, असा रोखठोक सवाल त्यांनीं वरिष्ठांस केला.

हें धाडस कोठून आलें? आमचें मत असें कीं, त्यास पेन्शनीचा मोठा आधार होता. गांवकीच्या महाराची भाकर गांवाच्या हातीं. तो उलट बोलला कीं चूल विझली. पेन्शन मात्र पाटील-कुळकर्ण्यांस अडवितां येत नसे. पुढें सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हां १८९४ सालीं गोपाळबाबांनीं ती पुन्हां सुरू करण्यासाठीं अर्ज तयार केला. तें नुसतें नोकरीचें गाऱ्हाणें नव्हतें. पुढील पिढीची जीभ मोकळी राहावी म्हणून केलेली ती खटपट होती.

१८९५ सालीं सरकारनें त्यांस महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलें. वरिष्ठ वर्गांतील सभासदांस हें रुचलें नाहीं. खुर्ची सरकारनें दिली, पण शेजारीं बसण्यास मन कोण देणार?

जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेंत गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केला होता. त्याच देशांत गोपाळबाबांच्याच वयाचा रॉबर्ट स्मॉल्स गुलामींत जन्मला. १८६२ सालीं त्यानें दक्षिणेचें एक जहाज पळवून उत्तरेच्या आरमारास मिळविलें. पुढें लोकांच्या मतांवर तो देशाच्या कायदेमंडळांत बसला. पण त्याच १८९५ सालीं त्याच्या साउथ कॅरोलिना प्रांतानें नवी घटना करून काळ्या लोकांचें मत हिरावण्याची तजवीज केली. स्मॉल्सनें भर सभेंत विरोध केला. तो व्यर्थ गेला. मिळालेला हक्क राखला नाहीं, तर तो असा परत जातो.

गोपाळबाबा १९०० सालीं वारले. ज्या महाडांत त्यांचें सभासद होणें खुपलें, तेथेंच २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले. मधें बत्तीस वर्षें गेलीं. पण बी वायां गेलें नव्हतें.

आज ग्रामपंचायतींत राखीव जागा कायद्यानें आहेत. तरीही राखीव जागेवरील सरपंचास खुर्चीवर बसूं दिलें नाहीं, झेंडा फडकवूं दिला नाहीं, अशा बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात. अशा वेळीं गांवांत ज्याची भाकर कोणाच्या मर्जीवर नाहीं, त्यानें आधीं बोललें पाहिजे. पेन्शनर शिपाई, पेन्शनर मास्तर, हें काम तुमचें आहे. महिन्याच्या महिन्यास पेन्शन घेतां, तिच्याबरोबर मोकळी जीभही मिळाली आहे, ती वापरा.