पगार वाढला, कार्ड गेलं!

चिंचपोकळीच्या चाळींत जुन्या गिरणी कामगारांना विचारा, 'ईएसआय' म्हणजे काय ते लगेच सांगतील. १९४८च्या कायद्यातून आलेली ही योजना. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय तिचंच. हिशेब सोपा आहे : कामगार पगाराच्या ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के. २१ हजार पगारावर दोघांचे मिळून महिना ८४० रुपये आणि त्यात कुटुंबाचेही उपचार.

मग घोडं कुठे अडलं? २१ हजारांची ही मर्यादा जानेवारी २०१७मध्ये ठरली. पुढे औषधं, तपासण्या, खोलीभाडं सगळंच वाढत गेलं. मर्यादा मात्र वर्षानुवर्षं तिथेच. म्हणजे पहिलीच नोकरी २२ हजारांची लागली, तर तुम्ही योजनेबाहेर! एक हजार जास्त मिळाले, पण आईच्या ऑपरेशनचं बिल तुमच्याच खिशातून.

यात योजनेचाही तोटाच. थोडं जास्त कमावणारे बाहेर गेले की वर्गणीही जाते. रांगांची तक्रार मग सुटणार कशी? गिरण्यांत महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वाढायचा. ही मर्यादाही तशीच वाढायला हवी.

तोवर ऑफर लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याखाली आणखी एक ओळ शोधा : आजारपणात पैसे कोण भरणार?