रक्त कमी झाले, पण गेले कुठे?

“डॉक्टर, लोहाच्या गोळ्या चालूच आहेत, तरी चढ चढताना दम लागतो.” श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत आयुष्य गेलेले साठीतले एक काका मला सांगत होते. हिमोग्लोबिन ६. रक्त चढवले की ९ वर यायचे, दोन-तीन महिन्यांत पुन्हा खाली. मुंबईला जाऊन एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी झाली. दोन्ही नॉर्मल. ‘काही निघाले नाही’ म्हणून घरचे निश्चिंत झाले.

पण नॉर्मल अहवाल म्हणजे रक्तस्राव नाही, असे नव्हे. पहिली दुर्बीण जठराच्या थोडी पुढे जाते, दुसरी मोठे आतडे पाहते. मधले काही मीटर लांबीचे लहान आतडे न पाहिलेलेच राहते. तिथे उतारवयात नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या, वेदनाशामक गोळ्यांचे व्रण, क्षयरोग, गाठी किंवा अनवाणी पायांतून शिरणारे अंकुशकृमी थेंब थेंब रक्त घालवत राहतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

२००१ पासून यावर कॅप्सूल एंडोस्कोपीचा उपाय आहे. गोळीएवढा कॅमेरा गिळायचा; तो सुमारे आठ तासांत हजारो छायाचित्रे पाठवतो. आतडे अरुंद असल्यास तो अडकू शकतो, म्हणून ती शंका आधी दूर करावी लागते. रक्तस्राव झाल्यावर तपासणी जितकी लवकर, तितके कारण सापडण्याची शक्यता जास्त.

खरा प्रश्न तिथवर पोहोचण्याचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पण हा आकडा १५ ते ४९ वयाचा. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ मोहिमेचा भर मुले, किशोरवयीन आणि प्रजननक्षम वयातील स्त्रियांवर. जंतनाशक दिनाची गोळी १९ वर्षांपर्यंत. हे सारे आवश्यकच आहे. मात्र पन्नाशीनंतरचे स्त्री-पुरुष, ज्यांच्या रक्तक्षयामागे छुपा रक्तस्राव असण्याचा संभव मोठा, ते कोणत्याच यादीत नाहीत. पाळी थांबलेल्या स्त्रीला किंवा पुरुषाला रक्तक्षय असेल, तर गोळ्यांबरोबर कारणाचा शोधही सुरू झाला पाहिजे. तालुक्यातून मोठ्या रुग्णालयापर्यंत त्याची वाट ठरलेली हवी.

काकांच्या कॅप्सूलमध्ये लहान आतड्यातले व्रण दिसले. कारण त्यांच्या पिशवीतच होते: गुडघ्यांसाठी दुकानातून वर्षानुवर्षे आणलेली वेदनाशामक गोळी. पहिल्या भेटीत मी ती विचारली नव्हती. गोळी बंद झाली, आता हिमोग्लोबिन ११ वर टिकून आहे.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होतेच. पण डांबरासारखे चिकट, दुर्गंधीयुक्त होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा.