सतरंजीचा चार्ज दिला, विद्येचा कोण देणार?

अंगणवाडी सेविका, मदतनीस, बालवाडीच्या ताई, आईबाप आणि ग्रामपंचायतीचे सदस्य यांस,



आमच्या पाड्यावरच्या जुन्या सेविकाबाई निवृत्त झाल्या आणि नव्या पोरीने चार्ज घेतला, त्या दुपारी आम्ही तिथेच होतो. यादी वाचली गेली. वजनकाटा 1, उंची मोजायची पट्टी 1, कुकर 1, सतरंज्या 2, रजिस्टरं अमुक इतकी. सह्या झाल्या, चावी हातात पडली. तासाभरात सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अठरा मुलं आणि समोर नवी सेविका. बारावी पास, हुशार, मोबाईल तर बोटावर नाचवणारी. मुलांना म्हणाली, “चला, हात धुवून घ्या.” एकही उठेना. दोघांनी भोकाड पसरलं, त्यांचं बघून आणखी चौघांनी. घरात वारली बोलणारी पोरं ती, तिची पुस्तकी मराठी त्यांच्या डोक्यावरून गेली. तेवढ्यात मदतनीस खिचडीचा गॅस बारीक करून बाहेर आली. एका पोरासमोर उकिडवी बसली, त्याच्याशी वारलीत दोन शब्द बोलली आणि त्याचं बोट धरून मोरीकडे निघाली. मागोमाग रांग लागली. ते एक पोर उठलं की बाकीची उठतात, हे तिला चौदा वर्षांत कळलेलं होतं. चार्जच्या यादीत त्याची नोंद नव्हती.

दोष त्या नव्या मुलीचा नाही. तिला कुणी हाताखाली घेतलंच नाही. हे पत्रक त्याबद्दल आहे.

एसटीच्या आगारात शिकाऊ उमेदवार असतो. वायरमन व्हायचं, फिटर व्हायचं, तर आधी उमेदवारी करावी लागते. जाणत्या कारागिराच्या शेजारी उभं राहायचं, पाना कसा धरतात ते बघायचं, मग त्याच्या नजरेखाली स्वतः धरायचा. देशात 1961 पासून त्यासाठी शिकाऊ उमेदवार कायदा आहे, आणि शिकतानाही विद्यावेतन मिळतं. इंजिनाला हात लावण्याआधी उमेदवारी लागते, मग तीन वर्षांच्या पोराला हात लावण्याआधी का लागू नये?

उत्तर तोंडावर कुणी देत नाही, पण मनात असतं: “पोरं सांभाळायला कसलं आलंय शिक्षण? बाईमाणसाला ते उपजतच येतं.” आम्ही सांगतो, येत नाही. मोजायला चिंचोके दिले की तीन वर्षांचं मूल ते नाकात घालतं, म्हणून धाकट्यांपुढे करवंट्या ठेवायच्या आणि चिंचोके थोरल्यांना द्यायचे, हे उपजत येत नाही. चावणाऱ्या मुलाला शिक्षा न करता कुणाशेजारी बसवायचं, गप्प राहणारं मूल लाजाळू आहे की त्याला ऐकूच येत नाही, हे ओळखणं उपजत येत नाही. ते कुणीतरी दाखवावं लागतं, आणि दाखवायला तिथे शेजारी असावं लागतं.

सरकारलाही हे अर्धं पटलं आहे. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं की मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते. त्याच धोरणात बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा आणि त्याखालच्या शिक्षणाच्या सेविकेला एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. पण शिकायचं कसं? टीव्हीच्या वाहिनीवरून आणि स्मार्टफोनवरून. समोरासमोर बसण्याची खात्री महिन्यातून एका वर्गाची. 2023 साली केंद्राचा ‘पोषण भी पढाई भी’ कार्यक्रम आला, त्यातून सेविकांच्या वाट्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण आलं. व्हिडिओ चांगले असतील, शिबिरही चांगलं असेल. पण पोहणं पडद्यावर बघून कुणी शिकलं आहे का?

शेजारी राहून शिकणं आपल्या मातीला नवं नाही. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. वस्तीतली मुलं बालवाडीकडे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव त्या अंगणातून आलं. महागडी मॉन्टेसरी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, पानं हाती घेतली. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांच्याकडे आल्या, ताराबाईंच्या शेजारी काम करत घडल्या, आणि पुढे कोसबादच्या टेकडीवरचं काम त्यांनी पेललं. ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री देणारं सरकार त्यांची शिकवायची रीत मात्र विसरलं.

आमची मागणी एका वाक्यात सांगायची तर: नेमणुकीआधी किंवा नेमणुकीच्या पहिल्या वर्षी, जाणत्या सेविकेच्या हाताखाली, एक वर्षाची पगारी उमेदवारी.

पूर्ण वर्ष का? कारण अंगणवाडीला ऋतू असतात. जूनमध्ये रडारड. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी बिऱ्हाडं वीटभट्टीवर जातात, मुलं गळतात, मग कोण परत येणार याचा हिशेब ठेवावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर थोरली मुलं पहिलीच्या उंबऱ्यावर उभी असतात. जिने हे चक्र एकदा कुणाच्या सोबतीने पाहिलं, ती दुसऱ्या वर्षी एकटी उभी राहील.

तपशील असे:

1. आठवड्याचे पाच दिवस अंगणवाडीत, एक दिवस केंद्रशाळेत वर्ग. आधी बघणं, मग सोबत करणं, शेवटी एकटीने घेणं.

2. शिकणारीला विद्यावेतन आणि शिकवणाऱ्या सेविकेला वेगळा मार्गदर्शक भत्ता. वजन, लसीकरण, घरभेटी, पोषण ट्रॅकर हे सगळं सांभाळून ती फुकट शिकवील, अशी अपेक्षा कुणी धरू नये.

3. मदतनिसांची वर्षं मोजा. सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून भराव्यात, असं केंद्र सांगतं. पण दाराशी बारावीची अट उभी आहे. चौदा वर्षं मुलं सांभाळणारी बाई त्या अटीला अडते आणि कालची पोरगी तिची वरिष्ठ होते. तिचा अनुभव प्रमाणपत्रात धरा आणि बारावी करायला तिला वेळ व फी द्या.

4. शिकाऊ म्हणजे फुकटची मदतनीस नव्हे. तिच्या नावावर मदतनिसाची जागा रिकामी ठेवली, तर आम्हीच पहिल्या विरोध करू.

5. खाजगी प्लेग्रुप आणि केजीच्या मालकांनाही हाच नियम. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो, म्हणून त्याआधीच्या वर्गात कुणालाही ‘मिस’ म्हणून उभं करावं, हे आता बंद व्हावं.

“पैसा कुठून आणायचा?” 2024 साली राज्य सरकारने तरुणांच्या कार्य प्रशिक्षणासाठी बारावी पासला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन जाहीर केलं. पैसा होता, तो मुलांच्या खोलीपर्यंत आला नाही इतकंच.

“सेविका मानधनी आहेत, कर्मचारी नाहीत, त्यांच्या हाताखाली शिकाऊ कसा देणार?” हे ऐकून आमचे कान किटले. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला आणि त्या कायद्यापुरतं मानधनाला वेतनच म्हटलं. न्यायालयाला जे दिसलं ते कार्यालयाला दिसायला किती वर्षं लागणार?

भावांनो, बहिणींनो, 1975 साली 2 ऑक्टोबरला या देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. त्याच तारखेला गावोगाव ग्रामसभा भरते. यंदा हात वर करून एवढा ठराव मांडा, इथून उतरवून घेतला तरी चालेल:

“आमच्या गावच्या अंगणवाडीत नवी सेविका येईल तेव्हा तिला जाणत्या सेविकेसोबत एक वर्षाची पगारी उमेदवारी मिळावी, मार्गदर्शक सेविकेला भत्ता मिळावा आणि मदतनिसाचा अनुभव मोजला जावा, अशी ही ग्रामसभा शासनाकडे मागणी करते.”

ठरावाची नक्कल प्रकल्प कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोचेशिवाय कागद म्हणजे रद्दी, हे आपल्याला शिकवायला नको.

आमच्या पाड्यावर काय झालं, ते सांगून थांबतो. ती नवी मुलगी आता रोज अर्धा तास आधी येते. मदतनीस तांदूळ निवडत बसते, ही शेजारी वही घेऊन बसते: कुणाचा बाप कुठल्या भट्टीवर, कोण आजीकडे झोपतं, कोण कशाला घाबरतं. उमेदवारी सुरू झाली आहे. फक्त तिची हजेरी कुणी मांडत नाही, आणि गुरूला कुणी गुरू म्हणत नाही.

आपल्या,
पाड्यावरच्या काही सेविका, मदतनीस आणि आया

(वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावे.)