मागची दिंडी कुठे गेली?

पालख्या निघाल्या की इन्स्टावरही वारी सुरू होते. डोक्यावर तुळस घेतलेली माउली, चेहरा एकदम शार्प आणि मागे नुसता मलईदार धूर. दिवेघाट आहे की कुणाच्या सोसायटीचं गेट, कळायला मार्ग नाही. खाली कमेंट ठरलेली, ‘काय बोके आहे भावा!’ (शब्द जपानी आहे, मांजरांचा संबंध नाही.)

मला हे ब्लरचं वेड आता अति वाटतं. वारीत एकटं कुणी नसतं. गर्दी पुसली, तर उरतं ते फक्त पोर्ट्रेट.

गंमत म्हणजे हे पुसणं आपल्याच हातात असतं. अपर्चर म्हणजे लेन्समधलं लहानमोठं होणारं छिद्र. आकडा उलटा चालतो, कारण तो म्हणजे फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमी लेन्सवर एफ १.८ म्हणजे साधारण २८ मिलिमीटरचं भोक, एफ ८ म्हणजे जेमतेम ६. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दोन मीटरवरचा माणूस एफ १.८ ला टिपलात, तर शार्प पट्टा १७ सेंटिमीटरच्या आसपास. वीतभरही नाही! तेच २४ मिमी लेन्स, एफ ११, फोकस दोन मीटरवर, की समोरच्या टाळापासून घाटाच्या माथ्यापर्यंत सगळं साफ.

१९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी तर आपल्या ग्रुपचं नावच ‘एफ ६४’ ठेवलं होतं. छिद्र बारीक, जवळचं-लांबचं सगळं स्वच्छ, हाच त्यांचा हट्ट.

आता रात्रीच्या कीर्तनात एफ ८ चालणार नाही, मान्य. एफ १.८ च्या तुलनेत प्रकाश जवळपास वीसपट कमी येतो. तिथे उघडा की लेन्स पूर्ण. पण भर दुपारी?

फोनचा पोर्ट्रेट मोड तर आणखी भारी. त्याच्या लेन्सचं भोकच काही मिलिमीटरचं, त्यामुळे मागचं बरंचसं मुळात स्पष्टच येतं. मग सॉफ्टवेअर ते मुद्दाम धूसर करतं आणि त्या नादात कधी कधी वीणेच्या तारासुद्धा खाऊन टाकतं.

आणि एवढ्यासाठी आपली पोरं पार्टटाइम करून एफ १.४ च्या लेन्ससाठी पैसे साठवतायत. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ बॅगेत पडून असते. एफ ८ तिलाही येतं.