सोनं आणि चांदी

मला जुने सिनेमे आवडतात, हे वाक्य मी चारचौघांत उच्चारायचं सोडून दिलं आहे. ते ऐकताच समोरचा गृहस्थ डोळे अर्धवट मिटतो, मान हलवतो आणि म्हणतो, "अहो, जुनं ते सोनं!" मग एकाही सिनेमाचं नाव न घेता अर्धा तास बोलतो.

या सोनंवाल्यांशी माझं भांडण आहे.

आमचे एक शेजारी भालजी पेंढारकरांचं नाव निघालं की खुर्चीत ताठ होतात. एकदा मी भालजींचा एक ऐतिहासिक सिनेमा घरी लावला आणि त्यांना मुद्दाम बोलावलं. पंधराव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "हे जरा पुढे ढकलता येतं का हो?" तेवढ्यात पडद्यावरच्या एका मावळ्याची मिशी लढता लढता एका बाजूने सुटली आणि मी खो खो हसलो. तर हेच गृहस्थ उसळले, "थट्टा करता? कुणाची?"

आता मिशी डिंकाची होती, हे मी काय पाप केलं? मला ती डिंकाची मिशी आवडते. शत्रूचा सरदार आधी मिनिटभर गडगडाटी हसतो आणि मग कामाचं बोलतो, ते आवडतं. तलवारींचा आवाज पळी-पंचपात्रीसारखा येतो, तोही आवडतो. आणि तोच सुटक्या मिशीचा मावळा आईच्या पाया पडून निघाला की माझ्या घशात आवंढा येतो, हेही खरं. हसू आणि आवंढा दोन्ही एकाच तिकिटात मिळतात. सोनंवाल्यांना मात्र सिनेमा देव्हाऱ्यात हवा. लांबून नमस्कार केला की काम झालं, बघायला नको!

गाण्यांचं तेच. 'गीतरामायणा'वर तासभर बोलणाऱ्या एकाला मी विचारलं, यात माणिक वर्मांनी काय गायलंय? तो म्हणाला, "छे हो, ते सगळं बाबूजींचं!" १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवर ती छप्पन्न गीतं माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांच्या आवाजांत लागली होती. घराघरांत राहिलं ते एकट्या बाबूजींनी गायलेलं. ते थोरच आहे, वाद नाही. पण बाकीच्या आवाजांची निदान चौकशी तरी करा की! तीही नाही. वर 'सुवर्णकाळा'च्या वाद्यवृंदात कुणी नक्कल केली की पहिल्या रांगेतून 'वाहवा' यांचीच.

एवढं मी का चिडतो? तर कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. सिनेमा बघणारं कुणी उरलं नाही की त्याची रिळं भंगारात जात, आणि तिथे त्यांतली चांदी काढून घेत. आपण तोंडाने सोनं सोनं म्हणत होतो आणि रद्दीवाला चांदी वितळवत होता. आपला पहिला बोलपट 'आलम आरा', १९३१ सालचा. त्याची आज एकही प्रत नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, पी. के. नायरांनी दारोदार हिंडून डबे गोळा केले, फाळक्यांच्या घरापर्यंत गेले, म्हणून काही तरी वाचलं. पुढे २००३ साली तिथल्याच जुन्या नायट्रेट फिल्मा आगीत गेल्या. त्याचं सुतक किती सोनंवाल्यांनी पाळलं?

१९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यात 'मीठ भाकर' हा सिनेमाही जळाला. भालजींनी तो पुन्हा काढला. राखेतून अख्खा सिनेमा दुसऱ्यांदा उभा करणाऱ्या माणसासाठी आमच्या शेजाऱ्यांना दोन तास सलग बसवत नाही.

परवा जिन्यात भेटले. म्हणाले, "आता तसे सिनेमे होत नाहीत हो."

म्हटलं, "झालेत ते तरी बघू. रविवारी दहाला या. मिशीला हसणार नाही, शब्द देतो." (खोटा शब्द होता. पण त्यांना आणायचंच होतं.)

"रविवारी कसं जमणार? व्याख्यान आहे ना माझं, ज्येष्ठ नागरिकांत."

"विषय?"

"मराठी चित्रपटांचा सुवर्णकाळ."